रिकाम्या घराची किंमत

लाल ठिपका भिंतीवरून सरकत आला, खिडकीच्या चौकटीपाशी अडखळला, पुन्हा सरकला — टाचणीच्या डोक्याएवढा, किंचित थरथरणारा — आणि आईच्या खुर्चीच्या वर, जिथं रंगाचे पोपडे निघाले होते, तिथं थांबला. घराची किंमत ठरवायला आलेल्या व्हॅल्युअरच्या हातातल्या यंत्रातून एक बारीक आवाज आला. म्हणजे समोरच्या भिंतीपासून इथवरचं अंतर त्याला कळलं. इतक्या वर्षांत ते कोणी मोजलं नव्हतं. लहानपणी ताई आणि बाळ्या ते रांगत, घसरत, कधी डोळे मिटून पार करायचे, आणि भिंत आली हे आधी कपाळाला कळायचं… ठिपका खाली उतरला आणि आईच्या केसांवर पडला. पांढऱ्या केसांत तो गुलाबी दिसत होता. आईला त्याचा पत्ताही नव्हता. ती मांडीवर पर्स घेऊन, बाहेर जायच्या कपड्यांत, सकाळपासून तशीच तयार होऊन बसली होती.

"आजी, जरा बाजूला होता का? भिंत पूर्ण मिळत नाहीये."

आई लगेच उठली आणि दाराजवळ जाऊन उभी राहिली, पर्स पोटाशी धरून, एखाद्या ऑफिसात आपला नंबर येईपर्यंत उभं राहतात तशी. ताईला वाटलं, आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं. आपल्याच घरात आईला बाजूला हो म्हणतायत, आणि ती होतेय. ती तसं काही वाटायची वाट बघत राहिली. काही वाटलं नाही. खिडकीच्या काचेवर एक माशी चालत होती, ती दिसली. व्हॅल्युअरच्या बुटाची एक नाडी सुटली होती, ती दिसली. गेले कित्येक दिवस असंच चाललं होतं. दिसत सगळं होतं, अगदी लख्ख, पण आत पोचत नव्हतं.

खरं तर वाईट वाटावं असं काही नव्हतंच. भांडण नाही, तंटा नाही. बाबा गेल्यावर आई या घरात एकटी राहिली, मग न्हाणीघरात पडली, मग बरी झाली, आणि मग बाळ्या दुसऱ्या शहरातून फोनवर म्हणाला की हे घर विकून टाकू. बाळ्या म्हणजे धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली, डोक्यावर केस उरले नाहीत, स्वतःची मुलं नोकरीला लागली, तरी बाळ्याच. ताई म्हणाली, विकायचं नाही. आई या घराबाहेर जगणार नाही. हे कोणी कधी ठरवलं होतं कोण जाणे, पण सगळ्यांना ठाऊक होतं — बाळ्याच्या बायकोला, शेजाऱ्यांना, आईच्या डॉक्टरांनाही. आई आणि हे घर म्हणजे एकच. मग बाळ्यानेच तोडगा काढला, आणि तो इतका शहाणपणाचा होता की त्यावर कोणालाच काही बोलता आलं नाही. आईच्या नावावरचं घर ताईने विकत घ्यायचं. आईने तिथंच राहायचं, अखेरपर्यंत, तसं खरेदीखतातच लिहून ठेवायचं. पैसे आईच्या खात्यात. त्यातून दिवसभराची बाई ठेवायची, औषधपाणी करायचं, आणि उरेल ते पुढे दोघांचं. ताईने नोकरीला लागल्यापासूनचं सगळं आयुष्य भाड्याच्या दोन खोल्यांत काढलं होतं, लग्न झालं नव्हतं, मागे कोणी नव्हतं. तिलाही घर होईल. सगळ्यांचंच भलं. तिने कर्जासाठी अर्ज केला, तो मंजूर झाला. त्या दिवशी ती दातांच्या लॅबमध्ये बसून कोणाच्या तरी कवळीचे दात मेणात बसवत होती. बँकेचा फोन ठेवला आणि पुढचा दात उचलला. हात जराही हलला नव्हता. माझा हात कधीच हलत नाही, ती स्वतःशी म्हणाली होती, म्हणून तर मला कामावर ठेवलंय.

व्हॅल्युअरने यंत्र खिशात टाकलं, टेबलाशी बसला आणि विचारलं, "घर रिकामं मिळणार, की आजी राहणार?"

"राहणार," ताई म्हणाली.

"मग दोन किमती काढाव्या लागतील." तो चांगला माणूस असावा; हे सांगताना तो आईकडे बघायचं टाळत होता. रिकाम्या घराची किंमत एक. घरात हक्काने राहणारं माणूस असलं तर ती कमी होते, कारण घेणाऱ्याला घर लगेच वापरता येत नाही. किती कमी, ते त्या माणसाच्या वयावरून ठरतं. त्याचं एक कोष्टक असतं.

आईने आपणहून वय सांगितलं. त्याने कोष्टकात बोट फिरवलं.

"वय जास्त असलं की किंमत वाढते का उतरते?" आईने विचारलं. तिला खरंच कुतूहल वाटत होतं.

"वाढते. म्हणजे… रिकाम्या किमतीच्या जवळ जाते."

आई विचार करत होती. तिचा चेहरा अशा वेळी फार हुशार दिसतो. "म्हणजे मी जेवढी चिवट निघेन तेवढा ताईचा तोटा."

व्हॅल्युअर हसला, मग हसायला नको होतं असं वाटून थांबला. ताईही हसली. गालाचे स्नायू वर गेले, हे तिला जाणवलं. आईच्या विनोदांवर या घरात नेहमीच हसत आलेत. बाबा तर वर्तमानपत्राआड हसायचे, नुसता कागद हलायचा.

तो गेल्यावर तिने अंगणात जाऊन बाळ्याला फोन लावला. दोन्ही किमती सांगितल्या. पलीकडे त्याने कोणा गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे मोजून दिले. मग तो म्हणाला, "ताई, रिकाम्याचीच धर ना. शेवटी तुला ते रिकामंच मिळणार आहे." आणि लगेच, "म्हणजे मी तसं म्हणत नाहीये."

"मला माहितीये."

"ही म्हणत होती, कागदावर कमी किंमत दिसली तर उद्या मुलं विचारतील. बाकी तुला जड जात असेल तर राहू दे. मला त्यात पडायचं नाही."

तिने बघते म्हणून फोन ठेवला. बघते म्हणजे काय बघणार? एका किमतीतून दुसरी वजा केली की जे उरतं ती आई. रिकाम्या घराचे पैसे द्यायचे, म्हणजे आई आताच नाही असं धरून चालायचं, आणि ती घरात हिंडते-फिरते, नळ सोडते, दिवा विसरते, ते सगळं नजरेआड करायचं. आणि कमी पैसे द्यायचे, म्हणजे… म्हणजे मग आई जितक्या लवकर जाईल तितका व्यवहार फायद्याचा. कोणी तसं मनात आणणार नाही. मी तर नाहीच नाही. पण ते मनात आणावं लागत नाही, ते आकड्यात आपोआप येऊन बसलेलं असतं. मी झोपले तरी ते जागं राहील. हा विचार तिने शेवटापर्यंत नेला, गणित तपासावं तसा, आणि तो बरोबर निघाला, आणि तरीही छातीत काही हललं नाही. दोरीवर आईचा एक पायमोजा वाळत होता. तो तिने काढला, घडी घालायला दुसरा शोधला, सापडला नाही.

खरेदीखतासाठी वकीलबाईंकडे जायला त्यांनी टॅक्सी केली. आई खिडकीशी बसली आणि दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचू लागली. चष्म्याचं दुकान, चाव्या करून मिळतील, जुने पंखे घेतो. ही तिची जुनी सवय. चौकात गाड्या तुंबल्या तेव्हा ड्रायव्हर वैतागला. आई मात्र काच खाली करून बघत राहिली — कोणी कोणाला शिव्या घालतंय, कोणाच्या सायकलवर केवढं ओझं आहे, एक बाई फुटपाथवर उभी राहून आरशात बघून टिकली सरळ करतेय. "किती माणसं आहेत गं," आई म्हणाली. ताईला वाटलं ती दमली असेल. तिने काच वर केली.

ऑफिसात वकीलबाई म्हणाल्या की आधी त्यांना आईशी एकटीशी बोलायचंय. रागावू नका, घरातल्या घरात विक्री असली की मी हे करतेच. विकणाऱ्याच्या मनात काय आहे ते मला त्यांच्याच तोंडून ऐकावं लागतं. ताई म्हणाली, त्यात रागवायचं काय. दार बंद झालं. बाहेरच्या खोलीत टायपिस्टबाई एका हाताने टाइप करत दुसऱ्या हाताने सफरचंद खात होती. भिंतीपलीकडून आईचा आवाज येत होता, शब्द नाही, नुसता चढउतार.

आईचा आवाज तिला आतून माहीत होता, हे म्हटलं तर विचित्रच. आईची कवळी तिनेच केली होती. डॉक्टरांनी साचा पाठवला, आणि त्या दुपारी तिने आईचं तोंड प्लॅस्टरमध्ये ओतलेलं तळहातावर घेतलं — टाळूच्या वळ्या, हिरडीचा उंचसखलपणा, डाव्या बाजूला जिथं दाढ फार पूर्वी काढली होती तिथला खड्डा. इतरांची तोंडं ती वर्षानुवर्षं हाताळत आली, त्यांचे चेहरे कधीच न बघता. हे पहिलंच, ज्याचा चेहरा आधी होता. तिने जीव ओतून काम केलं. आईने कवळी घातली, आरशात बघून म्हणाली, छान झालीय, आणि दीड-दोन वर्षं तीच घालत राहिली. मग एकदा डॉक्टरांनी सहज तपासलं तेव्हा डावीकडे हिरडीवर कायमचा घट्टा पडलेला दिसला. इतके दिवस टोचत होतं? हो, टोचत होतं. मग बोलली का नाहीस? "तू एवढी मेहनत केली होतीस," आई म्हणाली होती. दहा मिनिटांचं घासकाम होतं. ताईने ते तिथल्या तिथं करून दिलं होतं, आणि घरी जाताना तिला खूप राग आला होता, कोणावर ते कळलं नव्हतं.

आतून आईचं हसणं ऐकू आलं. टायपिस्टबाईने सफरचंद टाकून दिलं आणि दोन्ही हातांनी टाइप करू लागली.

मग दार उघडलं आणि वकीलबाईंनी तिला आत बोलावलं. आईसमोर चहा होता. आईच्या गालांवर रंग चढला होता, एखादी गोष्ट सांगून टाकलेल्या माणसाचा चढतो तसा.

"तुमच्या आई घर विकायला तयार आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्हालाच विकायला. पण तिथं राहण्याचा हक्क त्यांना नकोय. त्यांना घर रिकामं करून द्यायचंय."

ताईला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे किमतीमुळे? आई, ते सकाळचं तू मनाला लावून घेऊ नकोस, किमतीचं मी—"

"किमतीचं नाही गं." आईने कप बशीत ठेवला. "मला तिथं राहायचं नाहीये."

"कुठे?"

"घरात."

खोलीत पंखा फिरत होता. वकीलबाई कागद जुळवत राहिल्या, ते आधीच जुळलेले होते.

मग आईने सांगितलं. गल्लीतल्या शिवणकामवाल्या मावशी मागच्या वर्षी वृद्धांच्या वसतिगृहात राहायला गेल्या, बाजाराच्या रस्त्यावर, ते आठवतंय ना? आई तिथं जाऊन आली होती. एकदा नाही, चारपाच वेळा, बसने. मावशींच्या शेजारची खोली लवकरच रिकामी होणार होती. दुसऱ्या मजल्यावर, खिडकी थेट रस्त्यावर. खाली भाजीवाले, समोर शाळा, सकाळ-संध्याकाळ नुसता कल्ला. लिफ्ट आहे. डॉक्टर आठवड्याला येतात. घर रिकामं विकलं तर ती खोली आरामात परवडत होती. हिशेब तिने मावशींबरोबर बसून केला होता.

"पण तुला ते घर…" ताई म्हणाली. "तू त्या घराशिवाय राहूच शकणार नाहीस, असं…"

"असं कोण म्हणालं?"

कोण म्हणालं होतं?

"घराची हौस तुझ्या बाबांना," आई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, बसचा नंबर सांगावा तसं ती सांगत होती. "त्यांना शांतता लागायची. गल्लीच्या टोकाचं घर हवं, पुढे रस्ता नको, म्हणून ते घेतलं. माणूस चांगला होता, मी राहिले. मला काय ऐकू यायचं तिथं? फ्रिज. आणि तुम्ही दोघं शाळेत जायचात तेव्हा तर तोही नाही, तेव्हा फ्रिजच नव्हता."

वकीलबाई हसल्या. आईही हसली.

"मग कधी बोलली का नाहीस?"

आईने खरोखरच आठवून बघितलं. "कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी ठरवलंत, आणि चांगलंच ठरवलंत, माझ्यासाठीच. आज या बाईंनी विचारलं — तुम्हाला काय हवंय? मी म्हटलं, आता विचारतायत तर सांगून टाकावं."

वकीलबाई म्हणाल्या, आज सही करायची घाई नाही. दोन्ही बाजूंनी विचार करा. तुमचंही कर्ज त्यामुळे वाढेल, ते तुम्हाला झेपतं का, मुळात हवंय का, हेही बघायला हवं. ताईने मान डोलावली. तिने आईची पर्स उचलली, मग ती आईची आहे हे लक्षात येऊन परत दिली.

परतीच्या वाटेत तिने बाळ्याला कळवलं. तो म्हणाला की मग तर प्रश्नच मिटला, आता कोणती किंमत हा वादच नाही, आणि तुला नको असेल तर बाहेरच्याला देऊ, बाजार बरा आहे. आणि शेवटी, एकदम वेगळ्याच आवाजात, "ताई, आपण तिला कधी विचारलं नव्हतं का गं?" ती म्हणाली, "नव्हतं बहुतेक." फोन ठेवल्यावर तिला वाटलं, बाळ्या तिकडे दुकानात कुठेतरी खाली बसला असेल. तिच्या डोळ्यांसमोर त्याचं टक्कल आलं, लहानपणी ताप आला की ती ज्यावर हात ठेवायची तेच डोकं.

घरी पोचेपर्यंत उन्हं कलली होती. आईने चपला काढल्या, पायांनीच सरळ केल्या आणि न बसता कपाट उघडलं. काय न्यायचं ते तिच्या डोक्यात तयार होतं. कपडे, रेडिओ, मोठी उशी, बाबांचा एकच फोटो, ज्यात ते हसतायत तो. बाकीचं राहू दे. ताई दारात उभी राहून बघत होती. आई एका हाताने हँगर बाजूला करत होती, भराभर, दुकानात कपडे चाळणारी बाई करते तसे… आणि ताईला ते आठवलं, न बोलावता. रोज संध्याकाळी आई फाटकाशी उभी असायची. हात फाटकाच्या गजांवर, मान गल्लीच्या तोंडाकडे. ती आणि बाळ्या पायरीवर अभ्यास करायचे आणि त्यांना वाटायचं आई बाबांची वाट बघतेय. बाबा यायचे, आई फाटक उघडायची, त्यांच्या हातातली पिशवी घ्यायची, ते आत जायचे. आई मात्र आणखी थोडा वेळ तिथंच असायची. बाबा आत आलेले असताना. हे मी रोज बघितलंय. वर्षानुवर्षं, माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि वहीतली बेरीज पुढे करत राहिलेय.

"आई."

"हं?"

"तू नसशील तर मी या घराचं काय करू?"

आई वळली. हातात एक स्वेटर होता. ती ताईकडे बघत राहिली, सकाळी कोष्टकाबद्दल विचारताना बघत होती तशी, कुतूहलाने.

"मला वाटलं तुला हवंय," ती म्हणाली. "लहानपणी तू म्हणायचीस, मी मोठी झाले की हे घर माझं. बाळ्याला रडवायचीस त्यावरून. मला वाटलं, हिला हवंय, तर हिलाच देऊ." मग थोडं थांबून, "तुला हवंय का?"

सांगते, असं ताई म्हणाली. आईने मान हलवली आणि पुन्हा कपाटाकडे वळली. थोड्या वेळाने ती अंथरुणावर जरा टेकली आणि तशीच झोपून गेली, तोंड किंचित उघडं, हात स्वेटरवर.

ताई बाहेरच्या खोलीत आली. दिवा लावला नाही. आईच्या खुर्चीत न बसता ती जमिनीवर बसली, भिंतीला पाठ लावून, आणि हळू आवाजात म्हणून बघितलं — मला हे घर हवंय. मग — मला हे घर नकोय. दोन्ही वाक्यं सारखीच निघाली, सपाट, दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडातली. हे घर ती आईसाठी घेणार होती. आई आत होती म्हणून ते घर होतं. शनिवारी यायचं, दार ढकलायचं, आणि पन्नाशी उलटल्यावरही कोणीतरी विचारायचं, जेवलीस का? कर्ज त्या दारासाठी होतं. आणि आई मात्र बसने जाऊन, मावशींबरोबर हिशेब करून, दुसरीच एक खिडकी निवडून आली होती. कोणाला न सांगता. चारपाच वेळा. त्यातला एखादा तरी शनिवार असेल का, ज्या दिवशी मी इथं बसले होते आणि आई नुकतीच कुठूनतरी आल्यासारखी, दमलेली, पण खूश दिसली होती?

तिला ती गल्ली दिसली, आईच्या जाण्याच्या दिवशीची. टॅक्सी कोपऱ्यावर उभी, कारण आत वळायला जागा नाही. आई पुढे, रेडिओ हातात, ड्रायव्हरला सामान कसं ठेव ते सांगत. ताई मागे फाटकाशी, किल्ली घेऊन. आई टॅक्सीत बसते, पाय आत घेते, काच खाली करते, आणि बाजाराच्या दिशेला बघते. ती मागे वळून बघणार नाही. रागाने नाही, विसरल्यामुळेही नाही, नुसतीच नाही, कारण समोर बघण्यासारखं खूप आहे. हे ताईला इतकं स्वच्छ दिसलं की तिने जमिनीवर हात टेकला. जमीन गार होती. पोटाच्या खाली कुठेतरी, फार आत, पहिल्या दिवशी शाळेच्या दारात सोडलेल्या मुलाच्या पोटात येतो तसा एक खड्डा पडला, आणि तो वाढत वर सरकू लागला. ती घाबरली होती. किती दिवसांनी काहीतरी आत पोचलं होतं… तिने श्वास रोखला नाही, उठलीही नाही. आत आई कूस बदलत होती, पलंग करकरला, आणि ताई अंधारत्या खोलीत बसून आपल्या त्या घाबरण्याकडे कान देऊन राहिली, ते आता थांबू नये म्हणून.